जहाजाच्या यादीतली नावं

पाथर्डीतून जाणाऱ्या मोठ्या रस्त्याला आपल्याकडे कल्याण-विशाखापट्टणम महामार्ग म्हणतात. एका टोकाला अरबी समुद्राची खाडी, दुसऱ्या टोकाला बंगालचा उपसागर आणि मधल्या पट्ट्यात आपला कोरडवाहू तालुका. मुंबईचा किनारा इथून रस्त्याने तीनशे किलोमीटरच्या आसपास. आठवडी बाजारात सुकट-बोंबलाचे ढीग लागतात, तेवढाच समुद्र आपल्याकडे येतो. अशा ठिकाणी बसून समुद्रावर काम करणाऱ्या बायकांचा इतिहास लिहायला घेतला, कारण हा इतिहास किनाऱ्यावरच्या लोकांपुरता कधीच नव्हता. त्यातल्या काही महत्त्वाच्या बायका समुद्रापासून लांबच्या मुलखांतल्या आणि घरांतल्या होत्या. त्यांची वाट पाण्याने अडवली नाही. ती माणसांनी केलेल्या नियमांनी अडवली.

आपल्या नगर जिल्ह्याला आज समुद्र परका वाटतो, पण नगरच्या निजामशाहीला स्वतःचं बंदर होतं. ते म्हणजे चौल. अरबस्तानातले घोडे तिथे उतरत, घाटावरचं कापड तिथून बाहेर जाई. शेजारी रेवदंड्याला पोर्तुगीजांनी ठाणं घातलं होतं आणि समुद्रावरची सत्ता त्यांच्याकडे होती. १५७० च्या डिसेंबरात मुर्तजा निजामशहाने त्या ठाण्याला वेढा घातला आणि १५७१ मध्ये तह करून तो उठवला. त्याआधी मुर्तजा लहान असताना काही वर्षं नगरचा कारभार त्याच्या आईने, खुंजा हुमायून हिने चालवला होता. म्हणजे चौल बंदर ज्या राज्याचं होतं, त्या राज्याच्या मसनदीमागे तेव्हा एक बाई होती. तिचीच मुलगी चांदबिबी. १५९५-९६ मध्ये मुघल शाहजादा मुरादच्या फौजेसमोर तिने नगरचा किल्ला कसा लढवला, ते आपल्याकडच्या शाळकरी मुलांनाही माहीत असतं.

त्याच दशकात जगाच्या दुसऱ्या टोकाला, आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर, ग्रेस ओमॅली नावाची बाई स्वतःचा जहाजांचा ताफा चालवत होती. मेयो परगण्यातला क्ल्यू बे हा तिचा मुलूख. तिथून जाणाऱ्या व्यापारी गलबतांकडून ती कर घेई, प्रसंगी लुटी, आणि इंग्रज सरदारांशी समुद्रावर भांडे. तिच्या मुलाला आणि भावाला इंग्रज गव्हर्नर रिचर्ड बिंगमने अटकेत टाकलं. तेव्हा १५९३ साली साठी उलटलेली ही बाई थेट लंडनला गेली आणि ग्रीनिचच्या राजवाड्यात राणी एलिझाबेथला भेटली. दोघांची सुटका झाली. चांदबिबी आणि ग्रेस यांना एकमेकींचं नावही ठाऊक असण्याचं कारण नाही. पण आयर्लंडमध्ये आज कोणी समुद्रावरच्या बायकांचा विषय काढला की सुरुवात ग्रेसपासून होते. एवढी जुनी आणि एवढी ठळक पूर्वज असणं ही मोठी गोष्ट आहे. तिच्यामुळे तिथल्या मुलीला कोणी म्हणू शकत नाही की बाईमाणूस जहाजावर शोभत नाही.

आपल्या किनाऱ्यावर कामाची वाटणी वेगळी पडली. होडी, जाळं, तांडेल आणि खलाशी हा पुरुषांचा भाग. मासळी धक्क्याला लागली की ती निवडणं, लिलावात बोली लावणं, सुकवणं, पाटी डोक्यावर घेऊन दारोदार विकणं आणि पैशाचा हिशेब ठेवणं हा कोळणीचा. १८७५ साली सुरू झालेल्या मुंबईच्या ससून डॉकवर आजही पहाटे बाजार उभा राहतो तो बायकांच्या जोरावर. ओहोटीला खाडीच्या चिखलात उतरून कालवं आणि शिवल्या काढणाऱ्या बायका कोकणात सगळीकडे आहेत. थोडक्यात, समुद्रावर पोट असलेल्या बायका हजारो होत्या. खोल पाण्यात जाणाऱ्या होडीवर मात्र त्यांना जागा नव्हती, आणि वाटणी एकदा रूढ झाली की ती निसर्गनियमासारखी वाटू लागते.

एकोणिसाव्या शतकात आगबोटी आल्या. पी अँड ओ कंपनीच्या बोटी मुंबईहून सुएझकडे टपाल आणि साहेब घेऊन जाऊ लागल्या, आणि १८६९ मध्ये सुएझ कालवा उघडल्यावर मुंबई हे हिंदुस्थानचं समुद्राकडचं दार बनलं. या बोटींवर राबणारी माणसं मुख्यतः आपल्याकडची. डेकवर रत्नागिरीकडचे खलाशी, भट्टीपाशी पंजाब आणि सरहद्दीकडचे लोक, जेवणघरात गोव्याचे वाढपी. पहिलं महायुद्ध सुरू झालं तेव्हा ब्रिटिश व्यापारी जहाजांवर असे सुमारे ५० हजार लोक होते. इंग्रज त्यांना लास्कर म्हणत. त्यांची भरती सारंगामार्फत होई. सारंग गावातून माणसं जमवी, आगाऊ पैसे देई आणि पगारातून आपला वाटा कापून घेई. ऊसतोडीला जाणाऱ्या आपल्या तालुक्याला हे समजावून सांगायला नको: सारंग हा बोटीवरचा मुकादम होता आणि ते आगाऊ पैसे म्हणजे उचल.

फरक एकच, पण मोठा. ऊसतोडीला कोयता, म्हणजे मजुरांची जोडी, धरली जाते ती नवरा-बायकोची मिळून. आपल्याकडच्या बायका दसरा-दिवाळीनंतर बिऱ्हाड गाडीत टाकून निघतात त्या गुढीपाडव्याच्या सुमारास परततात. बोटीवरची टोळी मात्र निव्वळ पुरुषांची. कोकणातली बाई मनीऑर्डरची वाट बघत घरी राहिली, शेतीचा तुकडा आणि सासू-सासरे सांभाळत. बोटीच्या कामगारांच्या यादीत तिचं नाव येण्याचा प्रश्नच नव्हता.

तरीही त्याच बोटींवर, त्याच प्रवासात, हिंदुस्थानी बायका काम करत होत्या. त्या होत्या आया.

साहेबाच्या कुटुंबाला विलायतेला जायचं असलं की सोबत आया लागे. काही आया घरच्या जुन्या असत, काही फक्त प्रवासापुरत्या ठेवलेल्या. मुंबईत आणि कलकत्त्यात अशा फिरत्या आयांचा एक वर्गच तयार झाला. त्या वर्षानुवर्षं इकडून तिकडे जात. बोटीवर त्यांचं काम काय असे, ते डोळ्यांपुढे आणून पाहावं. तान्हं मूल रात्रभर रडतंय, मडमेला बोट लागल्यामुळे ती खाटेवरून उठू शकत नाही, तांबड्या समुद्रात केबिनमध्ये श्वास कोंडतोय, पावसाळ्यात अरबी समुद्र बोटीला या कुशीवरून त्या कुशीवर टाकतोय. अशा वेळी मुलाला दूध पाजणं, कपडे धुणं, वांत्या साफ करणं, मोठ्या भावंडांना डेकवर कठड्यापासून लांब ठेवणं, हे सगळं आयाच्या अंगावर. झोपायचं बहुधा केबिनच्या जमिनीवर नाहीतर दाराबाहेर. आयेला बोट लागत नाही, अशी तिची ख्याती होती आणि तिला काम मिळे ते त्या ख्यातीवर. समुद्र सहन करण्याची ताकद हे खलाशाचं पहिलं भांडवल. ते तिच्याकडे होतं, फक्त तिला कोणी खलाशी म्हटलं नाही.

कारण ती कामगारांच्या यादीत नव्हती. प्रवाशांच्या यादीतही तिला नाव नसे. तिथे ‘मिसेस अमुक, मूल आणि आया’ एवढंच लिहिलेलं असे. बोट बुडाली, आजार झाला, कोणी टाकून दिलं, तर कंपनीवर तिची कसलीही जबाबदारी नाही. तिचा करार एका कुटुंबाशी, तोही बहुतेकदा तोंडी.

विलायतेला पोचल्यावर पुष्कळ कुटुंबं तिला तिथेच सोडून देत. परतीचं तिकीट नाही, भाषा अर्धवट, थंडीचे कपडे नाहीत. अशा बायकांसाठी लंडनमध्ये एक वसतिगृह होतं, आयाज होम. आधी ते ऑल्डगेट भागात होतं. १९०० साली ते हॅकनीमधल्या किंग एडवर्ड रोडवरच्या २६ क्रमांकाच्या घरात गेलं आणि लंडन सिटी मिशन या ख्रिस्ती संस्थेने ते चालवलं. १९२१ मध्ये ते त्याच रस्त्यावरच्या ४ क्रमांकाच्या घरात हललं. तिथली पद्धत लक्षात घेण्यासारखी आहे. मालकिणीने परतीचं तिकीट काढलेलं असलं तर ते वसतिगृहाकडे जमा होई. मग हिंदुस्थानात निघालेलं दुसरं एखादं कुटुंब ती आया घेऊन जाई आणि तिकिटाचा उपयोग होई. म्हणजे आया परत येई तीही कामावरच. जाताना एका घरची पोरं, येताना दुसऱ्या घरची.

या बायकांपैकी एकीची नोंद मला फार महत्त्वाची वाटते. तिने हा प्रवास ५४ वेळा केला होता. चोपन्न वेळा मुंबई, एडन, सुएझ, जिब्राल्टरच्या वाटेवरचं पाणी पाहिलेल्या माणसाला आपण काय म्हणू? त्या काळच्या कित्येक बोटींवरच्या अधिकाऱ्यांनाही एवढा अनुभव नसेल. तिचं नाव मिळतं ते मिसेस अँटनी परेरा. म्हणजे नाव उरलं तेही नवऱ्याचं. इतर शेकडो जणींचं तेवढंही उरलं नाही. रोझिना विस्राम या संशोधिकेने १९८६ साली आया, लास्कर आणि हिंदी राजेरजवाड्यांच्या विलायतेतल्या इतिहासावर पुस्तक लिहिलं, तिथून ही माहिती अभ्यासकांच्या चर्चेत आली. हॅकनीच्या त्या २६ क्रमांकाच्या घरावर निळी स्मारकपाटी लागली ती २०२२ च्या जूनमध्ये. आया ज्या बंदरातून निघत त्या मुंबईतही त्यांची अशी पाटी असायला हवी. बॅलार्ड पिअरसारखी जागा त्यासाठी योग्य आहे.

आता त्याच काळातल्या एका आयरिश घरातल्या मुलीचा विचार करा. व्हायोलेट जेसप. आई-वडील आयर्लंडमधून अर्जेंटिनात गेलेले, जन्म १८८७ चा. १९०८ मध्ये ती बोटीवर स्टुअर्डेस म्हणून लागली. काम म्हणाल तर आयाच्या कामापासून फार लांबचं नाही: केबिन झाडायची, खाटा लावायच्या, आजारी बायकांची सेवा करायची. पण ती कंपनीची नोकर होती. पगार कंपनी देई आणि जहाजाच्या कामगारांच्या यादीत तिचं नाव होतं. ऑलिंपिक या बोटीची १९११ मध्ये लढाऊ जहाजाशी टक्कर झाली तेव्हा ती बोटीवर होती. १९१२ च्या एप्रिलमध्ये टायटॅनिक बुडाली तेव्हाही होती आणि १६ क्रमांकाच्या जीवनरक्षक होडीतून वाचली. १९१६ मध्ये ब्रिटॅनिक हे रुग्णालय-जहाज एजियन समुद्रात बुडालं तेव्हा ती त्यावर परिचारिका होती, आणि तिथूनही वाचली. तिन्ही जहाजं आयर्लंडमधल्या बेलफास्टच्या गोदीत बांधलेली. यानंतरही १९५० पर्यंत ती बोटीवर काम करत राहिली. तिने आपल्या आठवणी लिहिल्या आणि त्या छापल्या गेल्या. आज तिचं नाव जगभर माहीत आहे. व्हायोलेटने जे भोगलं ते थोर आहेच. पण मला दिसतो तो यादीतल्या एका ओळीचा फरक. कामगार म्हणून नोंद असलेल्या बाईचा इतिहास राहतो. कोणाची तरी मोलकरीण म्हणून गेलेलीचा पुसला जातो.

महाराष्ट्राच्या घराघरांत बाईचा समुद्रप्रवास म्हटला की आठवतात आनंदीबाई जोशी आणि पंडिता रमाबाई. दोघी १८८३ च्याच वसंतात निघाल्या, आनंदीबाई कलकत्त्याहून अमेरिकेला, रमाबाई मुंबईहून इंग्लंडला. समुद्र ओलांडला तर धर्म जातो म्हणणाऱ्या समाजाला त्यांनी उत्तर दिलं. या दोघी प्रवासी होत्या. बोटीवर काम करायला गेल्या नव्हत्या. पण आपल्या इतिहासात त्यांना मिळालेली जागा आणि त्याच मार्गावर चोपन्न फेऱ्या मारणाऱ्या आयेला मिळालेली जागा शेजारी ठेवून पाहिली पाहिजे. समुद्र ओलांडणारी पहिली बाई कोण, हा प्रश्न आपण शिकलेल्या घरांपुरताच विचारत आलो.

विसाव्या शतकाच्या मध्याला बायका समुद्राच्या जवळ आल्या, पण किनाऱ्यावर थांबल्या. दुसऱ्या महायुद्धात १९४४ मध्ये रॉयल इंडियन नेव्हीसाठी महिलांची वेगळी शाखा उभी राहिली. त्यातल्या बायकांनी कचेऱ्या आणि प्रशिक्षण केंद्रं सांभाळली, जहाजांवर नेमणूक नव्हती. मुंबईत सुमती मोरारजी यांनी सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी चालवली. इंग्रजी कंपन्यांची मक्तेदारी मोडायला ज्या सिंदियाची एस. एस. लॉयल्टी ही बोट ५ एप्रिल १९१९ रोजी मुंबईहून निघाली होती, ती ही कंपनी. तो दिवस आपण राष्ट्रीय नौकानयन दिन म्हणून पाळतो. एका बाईच्या शब्दावर जहाजं सुटत होती आणि त्याच वेळी त्या जहाजांवर बाईला अधिकारी म्हणून चढता येत नव्हतं. मुंबईच्या समुद्रात नांगरलेल्या डफरिन या प्रशिक्षण जहाजावर १९२७ पासून व्यापारी जहाजांचे अधिकारी तयार होत होते, ते सगळे मुलगे.

कोंडी फुटली ती विज्ञानाच्या बाजूने, आणि ती फोडणारी बाई मराठी होती.

अदिती पंत यांचा जन्म १९४३ चा, नागपूरचा. वडील आप्पासाहेब पंत, औंध संस्थानचे राजपुत्र आणि पुढे भारताचे मुत्सद्दी. आई नलिनीदेवी शस्त्रवैद्य. औंध म्हणजे सातारा जिल्ह्यातला खटाव-माणचा दुष्काळी टापू, पाऊसमानात पाथर्डीचा सख्खा भाऊ. पुणे विद्यापीठातून पदवी घेतल्यावर अलिस्टर हार्डी या सागरशास्त्रज्ञाचं ‘द ओपन सी’ हे पुस्तक त्यांच्या हाती आलं. त्या पुस्तकाने त्यांचं आयुष्य वळवलं. शिष्यवृत्तीवर त्या हवाई विद्यापीठात गेल्या, तिथे समुद्रविज्ञान शिकल्या. पुढे लंडनला समुद्री शैवालांवर पीएच.डी. केली. तिथे त्यांची गाठ डॉ. एन. के. पणिक्कर यांच्याशी पडली. १९६६ साली स्थापन झालेल्या, गोव्यातल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे ते आद्य संचालक. त्यांच्या प्रोत्साहनाने पंत भारतात परतल्या आणि त्या संस्थेत रुजू झाल्या.

१९७३ ते १९७६ या काळात त्यांनी किनाऱ्याचा अभ्यास केला, आणि त्यासाठी पश्चिम किनारा वेरावळपासून कन्याकुमारीपर्यंत पालथा घातला. समुद्रविज्ञान हे टेबलावर बसून होणारं शास्त्र नाही. ठरलेल्या ठिकाणी जहाज थांबवायचं, तारेला बांधलेल्या बाटल्या ठरलेल्या खोलीपर्यंत सोडायच्या, पाण्याचे नमुने वर घ्यायचे, त्यातली क्षारता, ऑक्सिजन, पोषकद्रव्यं मोजायची, बारीक जाळ्यातून तरंगणारे जीव गाळून घ्यायचे, आणि हे दिवसरात्र, पाळी लावून, हलत्या जहाजावर. रात्री दोन वाजता नमुना घ्यायचा असेल तर तो दोनलाच घ्यावा लागतो. ओल्या डेकवर उभं राहून केलेलं हे काम कोणत्याही खलाशाच्या कामाइतकंच कष्टाचं आहे.

३ डिसेंबर १९८३ रोजी भारताची तिसरी अंटार्क्टिका मोहीम गोव्याहून निघाली. डॉ. हर्ष गुप्ता तिचे नेते होते आणि जहाज होतं फिनपोलारिस. याच मोहिमेने तिथे दक्षिण गंगोत्री हे भारताचं पहिलं ठाणं बांधलं. मोहिमेत दोन बायका होत्या: अदिती पंत आणि जादवपूर विद्यापीठाच्या भूशास्त्रज्ञ सुदीप्ता सेनगुप्ता. भारतीय मोहिमेतून अंटार्क्टिकावर गेलेल्या या पहिल्या स्त्रिया. सेनगुप्तांचं काम खडकांवर, पंतांचं पाण्यात. दक्षिणी महासागरातली अन्नसाखळी कशी चालते, सूक्ष्म वनस्पतींपासून क्रिल या कोळंबीसारख्या जिवापर्यंत काय कशावर जगतं, पाण्याचं तापमान आणि क्षार यांचा त्यावर काय परिणाम होतो, हे त्यांनी त्या बर्फाळ महिन्यांमध्ये तपासलं. पुढे पाचव्या मोहिमेतही त्या गेल्या. चाळीस अंश दक्षिणेच्या खालचा तो समुद्र ओलांडताना खलाशांचेही पाय लटपटतात.

मला या घटनेचं मोल वाटतं ते ‘पहिली’ या शब्दामुळे नाही. अदिती पंत जहाजावर गेल्या त्या कोणाच्या सोबतीला म्हणून नाही, समारंभाला म्हणून नाही. मोहिमेला त्यांच्या कामाची गरज होती म्हणून गेल्या आणि यादीत त्यांचं नाव त्यांच्या विषयासकट होतं. महाराष्ट्रात त्यांचं नाव आनंदीबाईंच्या जोडीने शाळेत शिकवलं गेलं पाहिजे. ते शिकवलं जात नाही, ही आपली मोठी चूक आहे.

नौदलाने बायकांना अधिकारी म्हणून घेतलं ते १९९२ मध्ये, तेही ठरावीक शाखांत आणि मर्यादित मुदतीसाठी. १९९० च्या दशकाच्या अखेरीला आयएनएस ज्योती या तेलवाहू जहाजावर काही महिला अधिकाऱ्यांची नेमणूक झाली. प्रयोग थोड्याच काळात थांबला आणि वीसहून अधिक वर्षं थांबलेलाच राहिला. कारणं तीच ती: जहाजावर जागा नाही, स्वच्छतागृहं नाहीत, लांबचा प्रवास झेपणार नाही. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. अॅनी नागराजा आणि इतर महिला अधिकाऱ्यांच्या खटल्यात १७ मार्च २०२० रोजी निकाल लागला. जहाजांवर बायकांसाठी सोय नाही, हा सरकारचा युक्तिवाद न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड आणि न्यायमूर्ती अजय रस्तोगी यांनी फेटाळला, समुद्रावरची कामं बायकांना जमणार नाहीत हा समज निव्वळ पूर्वग्रह ठरवला आणि स्थायी नेमणुकीचा हक्क मान्य केला. पुढच्याच वर्षी महिला अधिकारी पुन्हा युद्धनौकांवर चढल्या.

त्यानंतर, डिसेंबर २०२३ मध्ये, नौदलप्रमुखांनी जाहीर केलं की युद्धनौकेचं नेतृत्व पहिल्यांदाच एका बाईकडे दिलं आहे. लेफ्टनंट कमांडर प्रेरणा देवस्थळी. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात मानसशास्त्र शिकलेली मुलगी २००९ मध्ये नौदलात आली. टेहळणी विमानांवर निरीक्षक अधिकारी म्हणून काम केलं, आयएनएस चेन्नई या विनाशिकेवर उच्च जबाबदारी सांभाळली, आणि आयएनएस त्रिंकत या वेगवान गस्ती नौकेची ती कमांडिंग ऑफिसर झाली. जहाजाच्या यादीत सर्वांत वर लिहिलं जाणारं नाव ते. त्या नावामागे फक्त तिची हुशारी नाही. नागराजा आणि त्यांच्यासोबतच्या अधिकाऱ्यांनी वर्षानुवर्षं न्यायालयाच्या पायऱ्या झिजवल्या तेही आहे. कोणतंही ‘पहिलं’ नाव लिहिताना त्याखाली ही दुसरी नावं लिहायची सवय आपण लावून घ्यायला हवी.

शिडाच्या नौकेवरून पृथ्वीप्रदक्षिणा हा या गोष्टीचा आणखी एक धागा, आणि त्याचं एक टोक आपल्या भाषेत आहे. गोव्याच्या दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या गोदीत म्हादई ही नौका बांधली गेली. तिच्यावरून कमांडर दिलीप दोंदे २००९-१० मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारे पहिले भारतीय ठरले. त्याच गोदीत पुढे तारिणी तयार झाली, आणि दोंदे यांनी शिकवलेल्या नौदलाच्या सहा महिला अधिकारी तिच्यावरून १० सप्टेंबर २०१७ रोजी गोव्याहून निघाल्या. वर्तिका जोशी त्यांची नायिका होती. जानेवारी २०१८ मध्ये त्यांनी केप हॉर्न ओलांडलं, सुकाणू बिघडल्याने मॉरिशसला थांबावं लागलं, आणि २१ मे २०१८ रोजी त्या घरी परतल्या: २५४ दिवस, २१,६०० सागरी मैल. २०२४-२५ मध्ये दिलना आणि रूपा या नौदलातल्या दोघींनीच तीच नौका जगभर फिरवून आणली. ११ सप्टेंबर २०२५ रोजी मुंबईच्या गेटवेवरून त्रिवेणी ही नौका तिन्ही सैन्यदलांच्या दहा महिला अधिकाऱ्यांना घेऊन निघाली. तिची नायिका नौदलाची नाही, भूदलाची: लेफ्टनंट कर्नल अनुजा वरूडकर. सोबत दळवी, निकम ही आडनावंही आहेत. समुद्र नसलेल्या गावातलं माणूस समुद्रावर काय करणार, असं विचारणाऱ्याने ही यादी वाचावी.

आता व्यापारी जहाजांकडे वळतो, कारण आपल्या तालुक्याचा संबंध तिथेच येऊ शकतो. नौदलात जागा मोजक्या असतात. व्यापारी जहाजांवर भारतीय खलाशी आणि अधिकारी लाखांच्या संख्येने आहेत. शिपिंग कॉर्पोरेशन ऑफ इंडियाच्या कॅप्टन राधिका मेनन यांनी २०१५ च्या जूनमध्ये बंगालच्या उपसागरात वादळात सापडलेल्या सात मच्छीमारांना आपल्या तेलवाहू जहाजावर ओढून घेतलं. त्यासाठी आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेचा शौर्य पुरस्कार मिळवणारी ती पहिली बाई. केंद्र सरकारच्या आकड्यांनुसार २०१४ मध्ये भारतीय महिला नाविक ३४१ होत्या. २०२४ मध्ये त्या २,५५७ झाल्या. जगाचा आकडा अजून लाजिरवाणा आहे. २०२१ च्या पाहणीत जगभरातल्या नाविकांमध्ये बायकांचं प्रमाण १.२८ टक्के भरलं. दार उघडलं आहे, पण आत फार थोड्या जणी गेल्या आहेत.

पाथर्डीतल्या बारावी विज्ञानच्या मुलींना, त्यांच्या आई-वडिलांना आणि शिक्षकांना म्हणून काही नेमकं सांगतो. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित घेतलेल्या मुलीला इंडियन मेरीटाइम युनिव्हर्सिटीची सामायिक प्रवेश परीक्षा देता येते. त्या विद्यापीठाचं एक आवार नवी मुंबईत आहे. नौदलात अग्निवीर म्हणून मुलींची भरती २०२२ पासून सुरू आहे. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतून मुलींची पहिली तुकडी ३० मे २०२५ रोजी बाहेर पडली. जहाजावर नोकरी लावून देतो म्हणून लाखो रुपये मागणाऱ्या एजंटांपासून जपा. नौवहन महासंचालनालयाचं मुख्य कार्यालय मुंबईत आहे. भरती करणाऱ्या कंपनीकडे त्याचा परवाना आहे का, ते त्याच्या संकेतस्थळावर पाहा आणि मगच कागद द्या. जी आई सहा महिने परमुलखात उसाच्या फडात राबून घर चालवते, तिच्या मुलीला सहा महिन्यांचा जहाजाचा करार झेपणार नाही, असं निदान आपल्या तालुक्यात तरी कोणी म्हणू नये. या वर्षी तुमच्या माहितीतल्या एका तरी मुलीचा अर्ज भरून घ्या.